एक सण बिघडला की नोकरी बंद

सण जवळ आला की आमच्या घरात डबे भरायला घेतात. चटणीचा, भाजणीचा, वाटणाचा. सण संपला की डबे रिकामे होतात, पण दर वेळी एखादा किस्सा मागे राहतो. आता इतके साठलेत की चार माणसं बसली की सांगावेच लागतात. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म फौंड्रीत गेला. वाढवून सांगायला जमत नाही. झालं तेवढंच सांगतो.

थोरली सून सुरेखा नर्स आहे. नव्वदच्या पुढं-मागं लग्न होऊन आली, तेव्हा आमच्या गल्लीत कुणाची सून ड्युटीला जात नव्हती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नोकरी कर. पण सण घरात झाला पायजे, रीतीनं झाला पायजे. एक सण बिघडला की नोकरी बंद."

"चालंल मामा," ती म्हणाली. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

माझी थोरली बहीण आक्का शिरोळहून प्रत्येक सणाला येते. ती माझ्या देखतच म्हणाली, "दोन सण बी टिकायची न्हाय ही!"

सुरेखा हसली. "मग आदीच तयारी करून ठेवायची, आक्का. सणादिवशी नुसतं चुलीवर चढवायचं."

तिथून सुरुवात झाली.

* * *

पहिला उन्हाळा. वर्षाची चटणी करायची होती. गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या, खाली मिरची भाजायला घेतली की गल्ली खोकायची. सुरेखानं दवाखान्यातून तोंडाला बांधायचे हिरवे मास्क आणले. स्वतः बांधला, सासूला बांधला, आक्कालाही बांधला!

नेमके हुपरीचे एक पाहुणे दारात आले. बघतात तर तीन बायका तोंडं बांधून बसलेल्या, डोळे लाल, नाकाला पाणी. पाहुणे पायरीवरच थांबले.

आक्का हात हलवत ओरडली, "या की पावणं! काय हुईत न्हाय!"

मास्कातून काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. पाहुणे वळले ते थेट एसटी स्टँडला. शेजाऱ्याला विचारून गेले, "त्या घरात कसली साथ आलीया ओ?"

महिनाभर आमच्याकडं कोणी चहालासुद्धा आलं नाही. आक्का म्हणाली, "चटणी बरी पुरंल यंदा."

* * *

दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी. सुरेखानं डाळी, तांदूळ, धणे सगळं भाजून डबा भरला आणि ड्युटीला जाताजाता गिरणीत ठेवून गेली. गिरणीवाल्यानं काय करावं? मिरचीच्या जात्यात भाजणी ओतली!

चकली तळेपर्यंत कुणाला कळलं नाही. आमच्या दिलीपनं, म्हणजे सुरेखाच्या नवऱ्यानं, पहिली चकली तोंडात घातली आणि उठून नळाखाली तोंड धरलं. मी सुनेकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक.

"बिघडली ही दिवाळी," मी म्हटलं.

तेवढ्यात गल्लीतली मंडळी फराळाला आली. एकानं खाल्ली, डोळ्यातनं पाणी काढलं आणि म्हणाला, "आयला, चकली असावी तर अशी!" बसल्या बैठकीला डबा साफ! चिवड्याला कुणी हात लावला नाही. शेवटच्या दोन आक्कानं पदराला बांधल्या.

बिघडली म्हणून दाखवायला एक चकली उरली नाही.

* * *

होळीला पुरण. डाळ आदल्या दिवशी शिजवून, पाणी निथळून वेगळं ठेवलेलं. त्या पाण्याला कट म्हणतात, त्याचीच आमटी होते. पुरणपोळी एक वेळ फाटली तर चालते, कटाची आमटी नाही म्हणजे होळी नाही.

दिलीपला वाटलं, आपणही बायकोला मदत करावी. भांडी घासायला घेतली. कटाचं पातेलं बघून त्याला ते खरकटं पाणी वाटलं. नेऊन म्हशीपुढं ठेवलं!

"अरं मुडद्या, कट म्हशीला पाजलास?" त्याची आई कपाळाला हात लावून खालीच बसली.

सुरेखा तशीच चुलीकडं वळली. मूठभर पुरण पाण्यात कालवलं, मसाला वाटला, आमटी उकळली. पंगतीत कुणाला समजलं नाही. मला पहिल्या भुरक्याला समजलं. पण मी दुसरी वाटी मागितली.

म्हशीनं त्या संध्याकाळी कासंडी भरून वर दूध दिलं.

* * *

पुढं फ्रिज आला, आणि लोडशेडिंगही आलं. एका धुळवडीला वीस माणसांचं मटण ठरलेलं. सुरेखानं आदल्या दिवशी ओलं खोबरं, खसखस, तीळ वाटून डबा फ्रिजमध्ये ठेवला, आणि वीज गेली ती गेलीच. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

सुरेखा डबा पिशवीत घालून ड्युटीला गेली. दुसऱ्या दिवशी वाटण ताजंच्या ताजं!

"कुठं ठेवलंतं?" मी पंगतीत विचारलं.

"दवाखान्यात, मामा. इंजेक्शनाच्या फ्रिजात."

माझा घास हातातच राहिला. "डॉक्टरानं बघितलं न्हाय?"

"बघितलं की. त्ये काय तुमच्या शेजारीच जेवायला बसल्यात."

शेजारच्या गृहस्थानं मला नमस्कार केला आणि रस्सा मागितला.

* * *

आता शेवटचा. ही पण धुळवडच, दोन हजार सालानंतरची. धाकट्या लेकीचे सासरे इचलकरंजीहून पहिल्यांदाच सणाला येणार होते. ते सोयरीक जुळवतानाच बोलले होते, "नोकरीवाल्या सुनंच्या घरात पंगत कसली उठतीया!" ते माझ्या मनात होतं.

आमच्या मंडळींचा, म्हणजे सुरेखाच्या सासूचा, उजवा हात प्लास्टरात. आक्कानं तोवर माळ घातलेली, ती मटणाला शिवत नव्हती. सगळा भार सुरेखावर. तिनं तांबड्या रश्श्याचं वाटण, पांढऱ्या रश्श्याचं वाटण आदल्या दिवशीच करून ठेवलं. दिलीपनं सकाळी मटण आणून दिलं आणि पाहुण्यांना आणायला गेला. आणि दवाखान्याचा फोन आला. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती, जखमी माणसं आणली होती, हाताशी दुसरी नर्स नव्हती.

सुरेखा फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, वाटण तयार हाय. नुसतं फोडणीला टाकायचं. पण टाकणार कोण?"

"जा," मी म्हटलं.

"आन् सण?"

"जा म्हणतोय न्हवं!"

गेली.

दुपारी पंगत बसली. मी वाढायला उभा होतो. व्याह्यांनी पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी तोंडाला लावली, मिशा पुसल्या. "मी बोललो ते मागं घेतो. सूनबाईला बोलवा की भाईर. काय हात हाय!"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "आत हाय. लाजतीया."

गळ्यात माळ घातलेली बाई, धडधडीत खोटं! आणि तेही सुरेखासाठी!

तेवढ्यात फाटक वाजलं. पांढऱ्या युनिफॉर्मात, खांद्याला पर्स लावून सुरेखा दारात उभी.

व्याह्यांची वाटी हवेतच थांबली. "ही कोण?"

"ही सुरेखा," आक्का म्हणाली.

"मग आत कोण हाय?"

पंगतीतल्या सगळ्या माना स्वयंपाकघराकडं वळल्या. आणि आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, खणखणीत:

"अवं, तांबड्याच्या दुसऱ्या पातेल्यात मीठ घातलासा का, तेवढं सांगा!"