दिरांच्या टाकीतला फायटर

त्या रविवारी सासरे घाटकोपरला एका मित्राकडे गेले होते. जेवणाच्या आधी परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची थैली होती, तोंडाला रबरबँड गुंडाळलेली. आत एक निळा मासा. बोटाएवढा जीव आणि अंगापेक्षा मोठी शेपूट.

"फायटर आहे," ते दारातूनच म्हणाले.

मी खोबरं खोवत होते. सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी थैलीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला.

ती टाकी माझ्या धाकट्या दिरांची होती. मी लग्न होऊन मुलुंडच्या त्या घरात आले, त्याच्या थोडं आधी ते नोकरीसाठी आखातात गेले होते. जाताना त्यांनी आपले मासे मित्रांना वाटले आणि टाकी कोरडी करून ठेवली. पहिले काही महिने त्यांची पत्रं नियमित यायची. मग ती थांबली. तिकडून सुट्टीवर आलेल्या ओळखीच्या माणसांकडे चौकशी केली, तर कुणी म्हणे त्यांनी कंपनी बदलली, कुणी म्हणे दुसऱ्या शहरात गेले. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने ती रिकामी टाकी पुसायच्या. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना चालत नसे.

"परत देऊन येवा," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडात मालवणी यायची.

"अगं, घरात जरा हालचाल दिसेल. किती दिवस ती रिकामी टाकी बघत बसणार?"

"आणि तो त्या टाकीत मेलो तर?"

मी खोवणं थांबवलं. सासूबाईंच्या मनात काय चाललंय ते आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि ते बोलून दाखवायची हिंमत कुणातच नव्हती. माझा नवरा त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला होता. तो असता तर काहीतरी गंमत करून वेळ मारून नेली असती.

सासूबाई आत निघून गेल्या. सासऱ्यांनी हट्टाने बादली उचलली आणि मोरीतला नळ सोडला. औषधाचा उग्र वास आला.

"बाबा, हे पाणी नको," मी म्हणाले. "ताज्या पाण्यात औषध असतं. पिंपातलं शिळं पाणी घेऊया."

"तुला काय माहीत गं?"

मला माहीत होतं. भांडुपला माझ्या माहेरी भावाने फायटर पाळले होते. जॅमच्या बाटल्यांत एकेक वेगळा, मध्ये पुठ्ठा, नाहीतर एकमेकांना बघून ते काचेवर धडका द्यायचे. त्याने किती मारले आणि कसे मारले, ते मी सगळं पाहिलं होतं. पण नवी सून होते. एवढंच म्हणाले, "आमच्याकडे होते."

पिंपातलं पाणी तांब्या तांब्याने टाकीत ओतलं. निम्मी भरली असेल नसेल, तोच खालच्या लाकडी स्टँडवर थेंब दिसला. इतके महिने कोरडी राहून टाकीच्या काचा जोडणारं पुटीन वाळून तडकलं होतं. गळती वरच्या भागात होती, म्हणून पाणी त्याच्या खाली ठेवलं. फायटरला तेवढं पुष्कळ होतं. थैली न सोडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हावं म्हणून.

मासा थैलीच्या तळाशी पडून होता. मघाचा निळा रंग फिका पडून अंगावर मळकट पट्टे उठले होते.

"सोड आता," सासरे म्हणाले.

"थोडं थांबूया, बाबा."

मी वाटीने टाकीतलं पाणी थैलीत घालत होते. जरा थांबायचं, पुन्हा थोडं घालायचं. सासूबाई आतल्या दारात वाल सोलत बसल्या होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या, पण बराच वेळ त्यांच्या हातात तोच एक वाल होता.

शेवटी मी थैली हळूच आडवी केली. मासा बाहेर घसरला आणि दगडासारखा सरळ तळाशी गेला. तिथे एका कुशीवर कलंडून राहिला. कल्ले तेवढे उघडमीट होत होते.

"हवा पाहिजे त्याला!" सासऱ्यांनी दिरांचा जुना पंप आधीच जोडून ठेवला होता. त्यांनी बटण दाबलं. पंप घरघरला, बुडबुड्यांचा लोट उठला आणि तो एवढासा जीव चिंधीसारखा काचेवर जाऊन आदळला.

मी पुढे होऊन बटण बंद केलं.

त्या घरात आल्यापासून मी सासऱ्यांना असं कधी अडवलं नव्हतं. त्यांचा हात अजून बटणापाशीच होता. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"हवेशिवाय मरेल तो!"

"नाही मरणार. याला धार सोसत नाही. हा वर येऊन तोंडाने हवा घेतो, बाबा."

"आणि नाही आला वर तर?"

मासा मेला असता तर तो माझ्या हातून मेला असता, आणि त्या घरात तो नुसता मासा राहिला नसता. पुढे दिरांची काही वाईट बातमी आली असती तर सासूबाईंनी मला तोंडाने दोष दिला नसता कदाचित. पण मला आयुष्यभर त्यांच्याकडे बघता आलं नसतं.

मासा हलला. शेपूट झाडत अर्ध्यापर्यंत वर आला, तिथे थांबला आणि पुन्हा खाली बसला. परत एकदा तसंच झालं. दुसऱ्या वेळी तो मघाइतकाही वर आला नाही.

माझ्या खांद्याशी कुणीतरी उभं होतं. सासूबाई.

"वर येता काय गो?"

"दमलाय. पाणी त्याला जास्त होतंय, आई. अजून कमी केलं तर पोचेल."

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या पेला घेऊन आल्या, पदर खोचला आणि टाकीत हात घातला, त्याच टाकीत. माशाला धक्का लागू नये म्हणून काचेच्या कडेकडेने पाणी काढून त्या बादलीत ओतू लागल्या. मी दुसऱ्या पेल्याने काढू लागले. सासरे बादली धरून उभे. पाणी वीतभर राहिलं तेव्हा मी सासूबाईंचा हात धरला.

मासा पुन्हा उठला. या वेळी त्याचं तोंड पाण्याबाहेर आलं. एक बारीक बुडबुडा फुटला. तो खाली गेला, पण कलंडला नाही. थोड्या वेळाने आपणहून वर आला आणि हवा घेऊन गेला.

सासूबाई मटकन खुर्चीवर बसल्या. ओल्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले. आम्ही दोघं दुसरीकडे बघत राहिलो.

फायटर उडी मारतो, म्हणून संध्याकाळी मी टाकीवर झाकण शोधत होते. सासूबाईंनी पिठाची मोठी चाळण आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माशाचा रंग परतला होता. "हा काय खातो?" त्यांनी विचारलं. डासांच्या अळ्या, मी सांगितलं. त्या गॅलरीत गेल्या, आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी चमच्याने काढून घेऊन आल्या.

मग बऱ्याच आठवड्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवर दिरांचा फोन आला. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला होता, म्हणून त्यांना दुसऱ्या गावी काम करावं लागत होतं. घरच्यांना काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. सासूबाई फोनवर आधी नुसत्या रडल्या. मग एकदम ओरडल्या, "काळजी नको म्हणान? मेल्या, न कळवल्यान काळजी होणा नाय काय रे?" शेजारची माणसं हसली. लाइन कटायच्या आत त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, "तुझ्या टाकीत मासा ठेवलाय हां. वहिनीने जगवला."

मासा जगवण्याचं श्रेय त्यांनी मला दिलं, आणि मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मला तिथे रडू आवरेना.