थिनरनं पुसलेलं नाव

कापडावर काळा डाग उमटला आणि माझा हात थांबला. समोरच्या काचेवर मघाशी ‘याकोब सावळाराम’ असं नाव होतं. आता काच कोरी होती.

मी बारामतीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. लेक्चरं संपली की सलीमचाचांच्या काचेच्या दुकानात काम करते. खिडक्या, आरसे, शोकेस हे आमचं रोजचं काम. हे काम मात्र वेगळं होतं. इंदापूर तालुक्यातल्या एका लहान चर्चची रंगीत काचांची खिडकी होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या सात शिपायांची आठवण म्हणून बसवलेली. वर रंगीत तुकड्यांची पहाट, खाली सात पांढऱ्या काचांवर सात नावं. असे तुकडे शिशाच्या मऊ पट्ट्यांनी एकमेकांत धरलेले असतात. त्या पट्ट्या वाकल्या होत्या. म्हणून खिडकी उतरवून, काचा सुट्या करून चर्चच्याच हॉलमध्ये टेबलावर मांडली होती. रविवारी शिपायांच्या स्मरणाची उपासना होती. तो शुक्रवार होता, दुपारचे दोन.

आमच्या दुकानाची रीत अशी, की बसवण्याआधी काच थिनरनं पुसायची. इथंही पुसू का, म्हणून मी चाचांना विचारलं होतं. “पूस. असली नावं भट्टीत भाजून पक्की केल्याली असत्यात,” ते म्हणाले होते. सहा नावांना काही झालं नाही.

“चाचा, सातवं गेलं.”

“गेलं म्हंजी?”

“पुसलं गेलं. सगळं.”

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, काच बघितली, मग दाराकडं बघितलं. “फोटू हाय ना आपल्याकडं?”

“अख्ख्या खिडकीचा आहे. त्यात अक्षरं नीट दिसत नाहीत.”

“नाव तर म्हाईत हाय. रेडियमवाल्याकडनं अक्षरं कापून आणतो आन् चिटकवतो. लांबनं कुणाला कळतंय?”

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. तेवढ्यात पाळकसाहेब, म्हणजे त्या चर्चचे धर्मगुरू, स्वतः चहा घेऊन आले. माझ्याच्यानं गप्प बसवेना. सांगून टाकलं.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. “ही काच मूळची नाही गं. मूळची फुटली, तेव्हा आमच्या चर्चमधल्या रूथआजींच्या वडिलांनी दुसरी बसवली आणि नाव स्वतःच्या हातानं, ब्रशनं लिहिलं. याकोब हे त्या लिहिणाऱ्यांचे वडील, म्हणजे आजींचे आजोबा. ते लढाईवरून आलेच नाहीत. त्यांची कबर नाही, फोटो नाही. आजी दर वर्षी येतात आणि त्या नावावरून बोट फिरवतात.”

“मग रेडियम नको,” चाचा म्हणाले.

एखादी रेघ तरी उरली असेल म्हणून मी काच उचलली. चष्मा पुसताना करतात तसं तिच्यावर ‘हा’ केलं. आणि अक्षरं उभी राहिली! वाफेत स्वच्छ ‘याकोब’. दोन क्षण दिसलं आणि विरलं. मी पुन्हा ‘हा’ केलं. ‘सावळाराम’!

“चाचा! आहे! नाव आहे!” मी इतकी ओरडले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कॉलेजातल्या सरांनी नंतर समजावलं ते असं. रंगाखालच्या काचेला इतकी वर्षं ओल आणि धूळ लागली नाही, बाकीच्या काचेला लागली. त्यामुळे दोन्हीकडं वाफ वेगळी धरते. त्या क्षणी मला यातलं काही सुचलं नव्हतं. मी नुसती पुन्हा पुन्हा ‘हा’ करत होते.

वाफ टिकत नव्हती. मग चाचांनी युक्ती काढली. काच उभी धरायची, लिहिलेल्या बाजूनं एकानं वाफ सोडायची आणि मी मागच्या बाजूनं काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं गिरवायचं. एका श्वासात अर्धं अक्षर व्हायचं. तिसऱ्या अक्षराला चाचा खोकायला लागले.

“माझा दम बिडीनं खाल्लाय. पाळकसाब, तुमी या. गाणी म्हणून छाती तयार हाय तुमची.”

पाळकसाहेबांनी बाह्या सरसावल्या. हसू आलं की वाफ फुकट जायची, आणि हसू सारखंच येत होतं. ‘ळ’ किंचित डावीकडं कलला होता, ‘म’चा दांडा खाली लांब ओढलेला. मी काही सरळ केलं नाही. सगळं गिरवून झाल्यावर काच फिरवली, मागच्या रेघांवरून पुढं काळा ऑइल पेंट भरला आणि पेन्सिल पुसून टाकली. शनिवारी रंग वाळला. संध्याकाळी खिडकी जागेवर बसली.

रविवारी मी मागच्या बाकावर बसले होते. उपासना संपल्यावर रूथआजी काठी टेकत खिडकीशी गेल्या. बोट ‘या’पासून निघालं, ‘ळ’पाशी कललं, ‘म’वरून खाली घसरलं. तिथं थांबलं.

“रंग नवा हाय,” त्या म्हणाल्या. “कुनी केलं?”

मी पुढं झाले. “मी, आजी. आधी पुसलंही मीच. चुकून.”

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. “बाप माझा लिवताना जीभ बाहेर काढायचा. तू काढलीस का?”

“हिनं न्हाय, मी काढली,” चाचा मागून म्हणाले. “दम लागून.”

आजी हसल्या आणि त्यांनी पुन्हा ‘या’वर बोट ठेवलं.

आता दुकानात जुनी काच आली की थिनरची बाटली उघडण्याआधी मी कोपऱ्यात थेंबभर लावून बघते. आणि ही काच कुणाची, हे विचारून घेते. गिऱ्हाइकं हसतात. चाचा हसत नाहीत.