ओट्याचं सुतक

आंबिवली स्टेशनच्या अलीकडे आमची गल्ली जिथे वळते, तिथे रंभाचं घर. घर एवढंसं, पण दारातला ओटा पाटलाला शोभेल असा. नवरा धोंडिबा फरशी बसवणारा. लोकांच्या टॉवरांत काम करायचा आणि उरलेले तुकडे पिशवीत घालून घरी आणायचा. एक हिरवा, एक गुलाबी, एक कुणाच्या बाथरूमचा, एक कुणाच्या देवघराचा. असा जोडत जोडत ओटा गल्लीत हातभर पुढे कधी सरकला ते कुणाला कळलंच नाही. रंभाला कळलं असतं तरी ती बोलली नसती. संध्याकाळी लाल खुर्ची टाकून नवरा तिथे बसला की घरात तेवढी जागा व्हायची.

पण तोच ओटा त्याच्या आड आला. गणपती होऊन गेल्यावर धोंडिबाच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स आली, पण ती मेन रोडलाच थांबली, वळणावर गाडी वळेना. मग माणसांनी त्याला त्याच्याच लाल खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून रस्त्यापर्यंत नेलं. रस्त्यापर्यंत तो पोचला. दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

रंभा रडली नाही. बायका आल्या, गळ्यात पडल्या, तिच्या वाटचंही रडून गेल्या. ती आपली भिंतीला टेकून बसलेली. गरम चहाने जीभ भाजली की मग कशाची चव लागत नाही ना, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. जेवली काय, न जेवली काय. लेक पुण्याहून फोन करायची, रंभा "हो" म्हणायची. लेक विचारायची, "आई, काय जेवलीस?" तरी रंभा "हो"च.

आता आमच्या गल्लीची एक रहिवासी समिती आहे. महिन्यातून एका रविवारी बुद्धविहारासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरते. कचऱ्याची गाडी, तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, असले विषय. अध्यक्ष रत्नदीप, कोर्टात कारकून, त्यामुळे साधं "म्हणून" म्हणायचं असलं तरी "सबब" म्हणतो. पोरगा गुणी आहे. धोंडिबा गेल्यावर त्यानेच विषय काढला, की सगळ्यांनी आपापले ओटे मागे घ्यावेत, म्हणजे गाडी दारापर्यंत येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न एवढाच, की सुरुवात वळणापासून करायला हवी, आणि वळणावर रंभा.

समितीचा एक रिवाज आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला वर्ष होईपर्यंत काही मागायचं नाही, काही विचारायचं नाही. रत्नदीप बौद्ध, त्याच्या लोकांत वर्षाचं एवढं काही नसतं, पण शेजारधर्म म्हणून तोही पाळतो. तेव्हा ठरलं, रंभाकाकूंचं वर्ष होऊ दे. तोवर ओट्यांचा विषय पुढच्या सभेत. पुढच्या सभेत तो त्याच्या पुढच्या सभेत. रंभाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला कुणी सांगायचं नाही, हाच तर रिवाज.

तिच्या दोन घरं पलीकडे वैशाली राहते. तिचा नवरा जगन, किडनीचा पेशंट. आठवड्यातून दोनदा त्याला कल्याणला डायलिसिसला न्यावं लागतं. पायात ताकद नाही, रिक्षा वळणाच्या अलीकडे थांबते. मग वैशाली रंभाच्या दारात यायची.

"काकू, खुर्ची नेऊ?"

"ने."

गल्लीत खुर्च्या पुष्कळ, पण माणूस उचलायला हीच बरी, हिचे पाय वाकत नाहीत. दोघं जण जगनला खुर्चीत घालून न्यायचे, आणि रंभा दारातून बघायची. तीच खुर्ची, तशीच चालली. तिला वाटायचं, आता पोटात काहीतरी हलेल. काही हलायचं नाही.

एका सकाळी उचलणाऱ्याचा पाय ओट्याच्या कोपऱ्याला अडखळला. खुर्ची कलंडली. जगनला धरलं सगळ्यांनी, पण त्याचा सुया टोचायचा हात भिंतीवर आपटला. तो ओरडला नाही, नुसता डोळे मिटून बसला. वैशालीने पदराने त्याचा हात धरला आणि वळून रंभाकडे बघितलं.

"तुमचं वर्ष व्हायची वाट बघता बघता आमच्या यांचं वर्ष घालायची पाळी येईल, काकू!"

बोलली आणि तिलाच कसंतरी झालं. "चुकलं माझं," म्हणाली आणि खुर्चीमागे धावली.

रंभा दारातच उभी राहिली. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. फक्त कळलं नाही. संध्याकाळी खुर्ची परत द्यायला वैशाली आली, तेव्हा तिने विचारलं, "हाताचं काय म्हणाले डॉक्टर?"

"सूज आहे. त्याच हातातून केलं आज डायलिसिस."

"माझ्या वर्षाचं काय म्हणत होतीस?"

मग वैशालीने खाली बघत बघत सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी रंभा स्वतः लाल खुर्ची घेऊन शेडमध्ये गेली आणि बायकांच्या रांगेत बसली. सभा एकदम सावरून बसली. कचऱ्याच्या गाडीवर भांडण झालं, तेसुद्धा हळू आवाजात. मग रत्नदीपने घसा साफ केला.

"ओट्यांचा विषय... सबब, पुढच्या सभेत घेऊ."

"पुढच्या का रे?" रंभा म्हणाली.

मागून धाकूचा आवाज आला. धाकू म्हणजे इथला मूळचा आगरी, गल्ली वसायच्या आधीपासूनचा, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही.

"तुझा वरीस व्हायचा हाय ना गो बाय. तुझ्या दुःखात आमी कसा हात घालावा?"

"माझं वर्ष माझ्या घरात आहे. तुझ्या ओट्याला कुणाचं सुतक आहे, धाकूभाऊ?"

शेडमध्ये खसखस पिकली. धाकूच्या ओट्यावर त्याची स्कूटर, सुकटाची टोपली आणि दोन कोंबड्या. "आधी वळणावरचा निघू दे, मंग आमचा," असं तो प्रत्येक सभेत मान खाली घालून म्हणायचा. तो एकटाच नव्हे, सगळीच. रंभाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांचे ओटे तिच्या दुःखाच्या आडोशाला सुखाने उभे होते. म्हटलं तर चीड यावी अशी गोष्ट. तिला तीही आली नाही.

"रविवारी माझा फोडा," ती म्हणाली. "आणि घण खाली ठेवायचा नाही. तसाच पुढच्या दाराला न्यायचा."

"कोंबड्या कुठं ठेवू गो?" धाकू पुटपुटला.

"मला काय विचारतोस? माझं वर्ष व्हायचंय."

रविवारी घण आले, पहारी आल्या. बायका रंभाला सावरायला दोन्ही बाजूंना तयार उभ्या राहिल्या. पहिला घाव बसला, दुसरा बसला, ओटा ढिम्म. पोरं घामाघूम झाली. धोंडिबाने लोकांच्या कामात सिमेंट मोजून घातलं असेल, घरच्या कामात हात सैल सोडला होता.

"काका, सोडा की आता!" एक जण वैतागून ओट्यालाच म्हणाला. सगळे हसले. रंभाही हसली असावी, तोंड तर तसं झालं होतं.

मग गुलाबी तुकडा निघाला, हिरवा निघाला. रत्नदीपने विचारलं, "काकू, फरशा ठेवायच्या का बाजूला?"

"धाकूला दे. कोंबड्यांना खुराडं कर म्हणावं."

बायका अजून हात धरून उभ्याच. शेवटी तीच म्हणाली, "मला काही होत नाहीये गं. पोरांना चहा करा कुणीतरी." तिने खरंच आत चाचपून बघितलं. काही होत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत घण धाकूच्या दारापर्यंत पोचला. तो कोंबड्या काखेत घेऊन उभा राहिला, पण आडवा आला नाही.

मंगळवारी रिक्षा उलटी घेत घेत वळण वळली आणि जगनच्या दारात थांबली. रंभा भिंतीशी उभी राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होती. रिक्षा आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी जागा उरली. तिने तिथे हात घालून बघितला. गेला. अँब्युलन्सही आली असती बहुतेक, अंग चोरून. जगन वैशालीच्या खांद्याला धरून चार पावलं चालला आणि आत बसला. "येतो काकू," म्हणाला.

"ये," ती म्हणाली.

खुर्ची आता कुणी मागायला येत नाही. ओटा नाही, तेव्हा ती टाकायची कुठे हाही प्रश्नच. दाराआड उभी करून ठेवली आहे, सभेला नेते.

दार उघडून बाहेर पडताना रंभाचा पाय अजून ओटा शोधतो. तो सापडत नाही, पाय धपकन खाली जातो आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत कळ येते. सध्या तिला जाणवतं ते एवढंच. दाराशी एक पायरी करून देतो म्हणून रत्नदीप दोनदा सांगून गेला.

"राहू दे," ती म्हणते. "वर्ष होऊ दे."