मामांची टर्की

आमच्या पासलीच्या मामांइतका अख्ख्या वस्तूंचा भोक्ता उभ्या वेल्हे तालुक्यात सापडायचा नाही. भाजीला फोडभर भोपळा हवा असला तरी ते अख्खा भोपळा खांद्यावर टाकून येतात, आणि ‘अर्धा कप चहा घेईन’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडे त्याने शिवी दिल्यासारखं बघतात. एकदा भोरच्या बाजारातून ते फणस घेऊन एसटीत चढले. कंडक्टरने फणस पायाशी ठेवायला सांगितला, तर मामांनी फणसाला खिडकीची जागा दिली आणि स्वतः घरापर्यंत उभे राहिले.

त्याच बाजारातून त्यांनी टर्कीचं पिल्लू आणलं. ते वर्षभर ज्वारी खाऊन असं माजलं की गल्लीतली कुत्री वाट सोडून जाऊ लागली. मामांच्या मनात एकच होतं, जत्रेला पुण्याहून लेक यावी. मामी गेल्यापासून माझी ही मामेबहीण गावाकडे फिरकली नव्हती. ‘आई नाही, आता कुणासाठी जायचं?’ असं ती मला म्हणाली होती. मी हे मामांना कधी बोललो नाही, पण त्यांना ते कळत असावं. या खेपेला मात्र ती ‘येते’ म्हणाली होती.

जत्रेच्या रविवारी टर्की चुलीवर चढली, अर्थातच अख्खी. ‘तुकडे करा, लवकर शिजंल,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तर मामा म्हणाले, “तुकडं करून वाढायला आमी काय हाटेल काढलंय व्हय? लेकीला अख्खी दिसाया पायजे.” कुठल्याच पातेल्यात ती मावेना, म्हणून आंघोळीचा तांब्याचा हंडा कल्हई करून आणला होता. तरी दोन्ही तंगड्या वर राहिल्याच. त्यांच्यावर घमेलं पालथं घालून आम्ही दिवसभर जाळ घातला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. जावयांना सुट्टी नव्हती, ती आता बुधवारी येणार होती. मामा फक्त “बरं” म्हणाले. काकूंच्या घरचे जेवून गेले तरी निम्मा हंडा शिल्लक होता.

पुढे सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा. मामा दोन्ही वार कडक पाळतात. उरलेलं खराब होऊ नये म्हणून ते सकाळ-संध्याकाळ उकळी आणायचे, रस्सा आटला की पाणी घालायचे, आणि पाणी घातलं की अंदाजाने मीठ. चव बघायची सोय नव्हती, कारण वार होता. मी म्हटलं, “मामा, मी बघतो की.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने सरपण आणायला गेलो.

बुधवारी ती आली. मामांनी स्वतः ताट वाढलं. ती खाली मान घालून जेवत होती आणि तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. मग मामांनी पहिला घास घेतला. त्यांचा हात ताटातच राहिला.

“लई खारट झालंय गं पोरी,” ते म्हणाले. “तुझी आई असती तर असं झालं नसतं.”

“व्हय,” ती म्हणाली, आणि उठली. पदर खोचून चुलीपुढे बसली. मामींनी जिथे ठेवली होती तिथेच परात होती, डबेही तिथेच होते. मामांनी काही हलवलंच नव्हतं. तिने न विचारता पीठ काढलं, कणकेचे गोळे रश्शात सोडले, बटाटे टाकले. जेवण पुन्हा झालं, यावेळी सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळच्या एसटीला ती निघाली. मामा पिशवी घेऊन अंगणात उभे होते, तशी ती उंबऱ्यावरच थांबली.

“आबा, रश्शाचा डबा न्हाई का देणार? माहेराहून मोकळ्या हातानं जाऊ व्हय?”

मामा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावलो, तर डबा काठोकाठ भरून समोर ठेवलेला होता आणि ते फडताळाकडे तोंड करून उगीचच झाकण शोधत होते. झाकण त्यांच्या हातातच होतं. मी बाहेर येऊन बहिणीला म्हटलं, “थांब जरा, एसटीला अजून वेळ आहे.”