परसोंचं तिकीट

माझं अक्षर वाकडं आहे. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला लिहिताना अजून कळत नाही. जिथं अडतं तिथं मी अंदाजानं काहीतरी काढते आणि पुढं जाते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी मुलगी मोठी झाल्यावर कधी तिच्या हाती लागली, तर तिनं चुका मोजू नयेत. तिच्या पहिल्या सहलीचं यात लिहायचं आहे. ती सहल झाली की नाही झाली, हेही मला धड सांगता येत नाही.

मुलीचे पप्पा हैदराबादला आबिड्सच्या एका फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवतात. आम्ही नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहतो. मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. एक दिवस जेवताना हे म्हणाले, "आपण फिरायला जाऊ."

मी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही."

"मग देवाला?"

"नाही गं. समुद्र बघायला. विशाखापट्टणमला."

"तिथं कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. म्हणून तर जायचं."

मला काही उमगलं नाही. आमच्याकडे माणूस घर सोडतं ते माहेरासाठी, लग्नासाठी, नवस फेडायला, नाहीतर दवाखान्यात. जिथं आपलं कुणी नाही तिथं पैसे देऊन झोपायचं आणि पाणी बघून परत यायचं, यात नक्की काय करायचं असतं? जाताना खाऊ कुणासाठी न्यायचा? हे मी विचारलं नाही, कारण यांचा चेहरा फार खुशीत होता. आठवड्यातले चार दिवस हे रस्त्यावर असतात, म्हणून मी हो म्हटलं.

तिकिटापुरते पैसे होते. राहण्याजेवणाला कमी पडत होते. मी यांना न विचारता खालाकडे गेले. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणते; ती आमच्यापासून तिसऱ्या दाराला राहते. मी लग्न होऊन हैदराबादला आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या अख्ख्या गल्लीत मी मान वर करून बोलायची ती फक्त खालाशी. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची. तिनं डब्यातून पाच हजार काढून दिले.

"ये मेरे आंख के पैसे हैं, बेटा. बकरीद के बाद आपरेशन बोले डाक्टर. उसके पैले दे देना, बस."

मी म्हटलं, "हौ खाला." बकरीदला साडेतीन महिने होते.

यांनी स्टेशनजवळच्या एका तिकीट काढणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्या आठवड्यात कोणत्याही दिवसाचं मिळू दे. मग हे माल घेऊन करीमनगरला गेले. ते गेल्यावर तो माणूस दारात आला. मी मुलीला कडेवर घेऊन दाराआड उभी होते.

"भाभी, परसों टिकट हो गया. भाई को बोल दो. सब अंदर लिखा है."

मी हात लांब करून पाकीट घेतलं. काही विचारायचं धाडस झालं नाही. आतला कागद सगळा इंग्रजी होता. मी तो देवाच्या फळीवर ठेवला. थोड्या वेळानं यांचा फोन आला.

"कधीचं मिळालं?"

"परवाचं," मी म्हटलं.

यांनी मालकाकडून परवापासून चार दिवसांची सुट्टी मागून घेतली. लग्नानंतरची पहिलीच सुट्टी होती ती. परवा सकाळी हे करीमनगरहून परस्पर घरी आले, आंघोळ केली, कागदावर फक्त डबा आणि सीट बघितली आणि कागद खिशात घातला. मी सामान भरलं होतं. बावीस लंगोट, नाचणीचं पीठ, मुगाच्या खिमटीचा डबा, तेलाची बाटली, छोटं पातेलं आणि गुटी उगाळायची सहाण.

हे पिशवी उचलून म्हणाले, "यात दगड भरलेत का?"

"एकच आहे. सहाण आहे."

"समुद्रावर सहाण?"

"गुटी समुद्रावर चुकवायची का मग?"

खालानं मुलीच्या दंडाला हिरव्या कापडात एक रुपया बांधला. त्यांच्यात प्रवासाला निघणाऱ्याला असं बांधतात. मुक्कामाला सुखरूप पोचलं की तो रुपया गरिबाला द्यायचा. गल्लीतल्या सगळ्यांनी हात हलवले. मीही पदराआडून थोडा हलवला.

सिकंदराबादला गाडी लागलेली होती. आमच्या सीटवर एक कुटुंब बसलेलं होतं आणि त्यांनी पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबाही उघडला होता. हे म्हणाले, "ये हमारी सीट है." ते म्हणाले, "हमारी है." शेवटी टीसी आला. त्यानं कागद बघितला आणि चष्मा वर केला.

"ये तो कल का है. कल किधर थे आप लोगां?"

काल मी घरी नाचणी चाळत होते. एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आम्ही खाली उतरलो. गाडी गेली. यांनी त्या तिकीटवाल्याला फोन लावला आणि ओरडायला लागले. फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मैं भाभी को बोला ना भाई, परसों टिकट हो गया बोल के! तारीख अंदर लिखा सो है, नै देखे क्या?"

यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तो परसों म्हणाला होता?"

"हो. परसों म्हणजे परवाच ना?"

"अगं, इथं परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. तिकीट मागंच काढून झालं, असं म्हणत होता तो. इथल्या म्हाताऱ्या त्यांचं लग्नसुद्धा परसोंच झालं म्हणतात."

मला वाटलं आता हे मला बोलतील. हे पिशवीवर बसले आणि हसायला लागले. मला रडू येत होतं, हे हसत होते आणि मुलगी दंडावरचं कापड चघळत होती. रागावले असते तर मला कळलं असतं कसं वागायचं. खालाच्या डोळ्याचे पैसे पदराच्या गाठीत होते आणि ते माझ्या एका शब्दानं वाया जाणार होते.

"घरी जाऊ," मी म्हटलं. "पैसे तरी वाचतील."

"तिकिटाचे गेले. तिथल्या लॉजला आगाऊ भरलेले गेले. सुट्टी मालक परत घेणार नाही, पगार तर कापणारच." मग म्हणाले, "मला चार दिवस टेम्पो दिसायला नको."

यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी पदराची गाठ सोडली.

स्टेशनसमोरच्या लॉजवर गेलो. खिडकीतल्या माणसानं आधार कार्ड बघितलं, मग आम्हाला, मग सहाणीच्या पिशवीला.

"नामपल्ली? आप तो यहींच के हैं. घर में झगड़ा हुआ क्या?"

"नै," हे म्हणाले. "घूमने आए."

"नामपल्ली से सिकंदराबाद?"

"हौ."

त्यानं चावी दिली, पण माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी पळून आलेली आहे.

तीन दिवस आम्ही तिथं राहिलो. काय केलं असं विचाराल तर मला सांगता येत नाही. पहिला दिवसभर हे झोपले. मुलगी त्यांच्या पोटावर झोपली. मी बाथरूममध्ये लंगोट धुतले आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. केर काढायला केरसुणी शोधली, तर लॉजचा पोऱ्या नव्हता, केरसुणीही नव्हती. खाली बस थांबायची आणि कंडक्टर "नामपल्ली, नामपल्ली" ओरडायचा. दर वेळी मला वाटायचं, उठावं आणि जावं. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात फिरलो. मालकाच्या ओळखीचं कुणी दिसलं असं वाटलं की हे मुलीला तोंडासमोर धरायचे आणि मुलीला तो खेळ वाटायचा. तिथंच रस्त्यात तिनं पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं खदखदून हसून दाखवलं. मी कुठं बघावं ते मला कळेना, लोक बघत होते.

दंडावरचं कापड चघळून चघळून ओलं झालं होतं, त्याला वास यायला लागला होता. मी विचारलं, "हा रुपया कुठं द्यायचा? आपण मुक्कामाला पोचलो का?"

यांनी खिशातली चावी चाचपली. "लॉजचे पैसे भरलेत म्हणजे पोचलो," म्हणाले. मग मी तो फुटपाथवरच्या एका म्हातारीला दिला. बरोबर केलं की नाही, अजून माहीत नाही.

घरी आलो तेव्हा खाला दारातच होती. "कैसा था समंदर?"

हे पटकन म्हणाले, "बहुत बड़ा." आणि आत गेले.

मी तिथंच उभी राहिले. खोटं बोलायचं तर आधी समुद्र कसा असतो ते तरी माहीत पाहिजे. मी सगळं सांगून टाकलं, परसोंसकट, लॉजसकट, पैसे खर्चून आलो त्यासकट. खाला मला ओरडली नाही. आधी हसली. मग तिनं विचारलं, "पैसे?" आणि तेवढं विचारताना तिचा आवाज बारीक झाला होता.

"बकरीदच्या आधी देते. मीच देते," मी म्हटलं. यांच्या कापलेल्या पगारातून ते निघणार नव्हते.

मला साडीला फॉल लावता येतो. पण काम मिळवायला दारोदार जाऊन विचारावं लागतं. मी पहिल्या दारापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा मुलीनंच आतल्या बाईकडे बघून हात केला, म्हणून ती बाई बाहेर आली. एका साडीचे साठ रुपये. मुलगी झोपली की मी बसायची. तिची लाळ एका पैठणीवर पडली तेव्हा माझा जीव जायचा राहिला. पाणी लावलं तर डाग वाढेल की जाईल, तेही कळेना. ती साडी मी दोन दिवस पंख्याखाली ठेवली. डाग राहिला नाही. जमतील तसे पैसे खालाला नेऊन द्यायची. ती डब्यात टाकायची आणि म्हणायची, "बस, हो जाता." दवाखान्याची तारीख मात्र रोज विचारल्यासारखी सांगायची.

बकरीद झाली तरी साडेसातशे राहिले होते. ऑपरेशन सोमवारी होतं. शनिवारी एका घरात लग्न निघालं आणि तेरा साड्या एकदम आल्या. दोन दिवस यांनी स्वयंपाक केला, तोही वरणात मीठ दोनदा घालून. रविवारी दुपारी साड्या पोचवल्या, पैसे घेतले आणि घरी न जाता तशीच खालाकडे गेले.

खालानं नोटा डाव्या डोळ्याजवळ धरून एकेक बघितल्या. पुरे साडेसातशे होते. तिचे पाच हजार फिटले.