वॉटर्लूच्या टेकडीवरचा माझा विक्रम

कॅनडातल्या एका स्की जंपिंगच्या टेकडीवर माझ्या नावाचा विक्रम आहे आणि तो आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही.

वॉटर्लूत आमच्या घरामागे ही टेकडी. एके काळी तिच्यावर उंच लाकडी घसरगुंडी होती. पोरं पायाला स्की बांधून तिच्यावरून हवेत झेपावायची. पुढे लाकूड कुजलं, घसरगुंडी उतरवली, उताराच्या मध्यावर मातीचा एक उंचवटा तेवढा उरला. हा इतिहास शेजारच्या जिम आजोबांनी सांगितलेला. तेही तिथे उड्या मारायचे. "किती लांब?" विचारलं, की मात्र त्यांना घरात काहीतरी काम आठवायचं.

२०१७च्या हिवाळ्यात साताऱ्याहून सासरे आले. घरामागे ऐतिहासिक डोंगर आहे, असं मी त्यांना फोनवर सांगून बसलो होतो (जावयाने सासऱ्यांशी फोनवर बोलायचं तरी काय!). बाबांची हयात गड चढण्यात गेलेली. त्यांनी खिडकीतून पाहिलं.

"जावईबापू, डोंगर कुठाय?"

"हा काय, समोर!"

"हा? आमच्या गल्लीतला उकिरडा उंच आहे याच्यापेक्षा."

माझं डोकंच फिरलं. टेकडीचा अपमान म्हणजे माझा अपमान!

"बाबा, इथून माणसं उडायची!"

"मग उडून दाखवा की."

घरात बर्फावरून घसरायची स्लेड नव्हती. बाबांनीच विमानातून आणलेली पितळी परात होती.

"अरे, मला कणीक मळायचीय त्यात!" बायको ओरडली.

"आल्यावर मळ!"

गलका ऐकून जिम आजोबाही बाहेर आले. वर जाऊन परातीत मांडी घातली आणि सुटलो. परातीला पुढची बाजू नसते, हे तेव्हा कळलं. गोल गोल फिरत निघालो. घर, जिम, सासरे, घर, जिम, सासरे! उंचवटा आला तेव्हा मी पाठमोरा होतो. पण उडालो! खरंच उडालो! मग परात एकीकडे, मी एकीकडे.

बायको धावत आली. "अगं बाई, केवढा पोचा आलाय!" (परातीला.)

जिम आजोबांनी बुटाला बूट लावत अंतर मोजलं. तीन फूट. मग माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"थँक यू! या टेकडीवरची सगळ्यात छोटी उडी पन्नास वर्षं माझ्या नावावर होती. चार फूट!"

बाबा आठवडाभर हसत होते. हसू देत! पुढच्या उन्हाळ्यात तो उंचवटाही सपाट झाला, म्हणजे विक्रम कायमचा माझा. साताऱ्यात मी तो छाती पुढे काढून सांगतो. "किती लांब?" असं कुणी विचारलंच, तर मला घरात काहीतरी काम आठवतं.