दाजींच्या अठ्ठ्याण्णव धावा

लोणी काळभोरच्या आमच्या क्लबात अकरा वर्षं सलामीला मीच जायचो. नोकरीमुळे पुण्यात राहायला आलो, तरी रविवारी सकाळी पॅड घेऊन गावात हजर. क्लबातर्फे एका डावात सर्वाधिक धावा माझ्याच होत्या, चौऱ्याहत्तर, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

मग गावातल्या एका मुलीशी लग्न करून एक माणूस आमच्या गावात राहायला आला. टेम्पोने मंडईत भाजी पोचवायचा. सगळं गाव त्याला दाजी म्हणायचं. तिसऱ्याच रविवारी माझ्याबरोबर सलामीला येऊन त्याने एक्क्याऐंशी ठोकल्या. झाडाखाली बसलेली म्हातारी माणसं उठून ओरडली, “दाजी, हाणा!” माझ्यासाठी अकरा वर्षांत कुणी बूड हलवलं नव्हतं. त्याचं नुसतं बॅट धरणंही मला बघवेना.

वाघोलीच्या संघाशी अंतिम सामना होता. जिंकायला तीन धावा हव्या होत्या. दाजी सत्त्याण्णववर, समोरच्या टोकाला मी. आमच्या क्लबात शतक कुणाचंच नव्हतं. त्याने चेंडू मोकळ्या जागेत मारला, एक धाव घेतली आणि दुसरीसाठी वळला. दुसरी आरामात होती.

“नको! थांबा!” मी ओरडलो.

तो थांबला. आता खेळायचं मला होतं. एकेरी धाव काढून त्याला संधी देता आली असती. मी चौकार मारला. पोरांनी मलाच उचललं.

दाजींची बायको जवळ आली. “दादा, दुसरी धाव होती की!”

मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “अगं, मलाच दम लागला होता. मीच नको म्हणलो.”

महिनाभर ते मला टोचत राहिलं. शेवटी एका सकाळी मी मंडईत गेलो. ते टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत होते.

“त्या दिवशी मी मुद्दाम थांबवलं तुम्हाला.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “वरडला तवा तुम्ही चेंडूकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता.”

“मग खोटं का बोललात?”

“सलामीला तुमच्यासंगंच जायचंय ना मला.”

मला वाटलं, आता हे सगळं संपलं. पुढच्या हंगामात ते पुन्हा नव्वदीत पोचले आणि झेल देऊन बसले. समोरच्या टोकाला उभ्या उभ्या मला बरं वाटलं.

ते मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.